ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये गिटार अँप रेकॉर्ड करायला कोणता माइक घ्यावा?

घोडबंदर रोडवरचा फ्लॅट, 15 वॉटचा अँप आणि बजेट एकाच माइकचं असेल, तर सरळ शुअर एसएम57 घ्या. डायनॅमिक प्रकारचा आहे, फँटम पॉवर (केबलमधून माइकला पुरवली जाणारी वीज) लागत नाही. स्पीकरला अगदी खेटून लावता येतो, त्यामुळे खालचे हॉर्न आणि शेजारच्या कुकरची शिट्टी फारशी शिरत नाही. कंडेन्सर हा दुसरा, जास्त नाजूक प्रकारही वाईट नाही, पण पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याची कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग) कुरकुरू शकते. घेतलाच तर सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात ठेवा.

खरा फरक माइकच्या जागेने पडतो. जाळीपासून 2-3 सेंटीमीटरवर, स्पीकरची मधली टोपी जिथे कोनला (शंकूच्या आकाराच्या पडद्याला) मिळते त्या कडेवर रोख धरा. स्पीकर दिसत नसेल तर जाळीवर टॉर्च मारा. मध्याकडे सरकवलात की आवाज टोचतो, बाहेर नेलात की जाड आणि मंद होतो. एकेक सेंटीमीटर हलवून रेकॉर्ड करून ऐका, इक्यूला (जाड-बारीक सूर कमी-जास्त करायच्या सेटिंगला) हात नंतर.

अँप लादीवर नको, स्टुलावर ठेवा. रेकॉर्डिंगची लेव्हल -12 डीबीच्या आसपास पुरे.

पुढे दुसरा माइक जोडलात आणि आवाज पातळ झाला, तर फेज बिघडलाय, म्हणजे दोन माइकमधल्या आवाजाच्या लाटा एकमेकींना खोडतायत. दोन्ही माइक स्पीकरपासून समान अंतरावर आणा.