काही कमी नाही, तरी रडू का येते?

जोडीदाराच्या नोकरीमुळे युरोपात गेलेल्या उच्चशिक्षित मराठी स्त्रियांकडून ऑनलाइन समुपदेशनात मला एक प्रश्न सातत्याने विचारला जातो. नवरा समजूतदार आहे, घर चांगले आहे, पैशाची ओढाताण नाही, तरीही रोज रडू येते. असे वाटणे हा कृतघ्नपणा तर नव्हे? या प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर देण्यापेक्षा जर्मनीतील एका दांपत्याचा अनुभव सविस्तर मांडणे मला अधिक उपयोगाचे वाटते. दोघांच्या संमतीने हे लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या दंतवैद्य. सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी त्यांचा स्वतःचा दवाखाना होता आणि आजूबाजूच्या खेड्यांतून रुग्ण त्यांचे नाव सांगत येत. पती वाहन उद्योगात अभियंता. चाकणहून श्टुटगार्टला जाणाऱ्या अभियंत्यांची वाट आता चांगलीच मळलेली आहे. त्याच वाटेने हे दांपत्य गेले. पतीला ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा निवास परवाना, मिळाले होते. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला येण्यापूर्वी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्या दिवसापासून नोकरी करण्याची मुभा असते. ही सवलत निश्चितच चांगली आहे, परंतु तिच्यामुळे अनेक स्त्रिया भाषेचा एक शब्दही न येता तिथे पोहोचतात, आणि कागदावरची मुभा हातात काहीच देत नाही, हे त्यांना तिथे गेल्यावर कळते. दंतवैद्यकासाठी तर अप्रोबेशन, म्हणजे व्यवसायाचा सरकारी परवाना, आवश्यक असतो. त्याआधी सर्वसाधारण जर्मन बी-2 पातळीपर्यंत, म्हणजे अडखळत का होईना स्वतंत्रपणे संवाद साधण्याइतकी, यावी लागते, पुढे त्याहून वरच्या सी-1 पातळीची वैद्यकीय भाषेची परीक्षा द्यावी लागते, आणि भारतातील पदवी व तिथली पदवी यांत महत्त्वाचा फरक आढळला तर ज्ञानपरीक्षाही द्यावी लागते. हा काही वर्षांचा मार्ग आहे.

पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या, "मॅडम, मला खरं तर तक्रार करायचा हक्कच नाही. सासूबाई म्हणतात, मजा आहे तुझी, बसून खायचं. आणि ते खरंच आहे."

झोप, भूक, एकाग्रता, आवडीच्या गोष्टींतला रस यांविषयी विचारल्यावर नैराश्याची लक्षणे स्पष्ट दिसत होती. जगणे नकोसे वाटते का, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हेही मी थेट विचारले. हा प्रश्न विचारल्याने असे विचार मनात पेरले जातात ही समजूत चुकीची आहे. तसे विचार त्यांना येत नव्हते. तरीही पुण्यात बसून मी देत असलेल्या समुपदेशनावर सर्व भार टाकणे योग्य नव्हते, म्हणून तिथल्या फॅमिली डॉक्टरांना भेटण्याचा आग्रह मी धरला. जर्मनीत सरकारी आरोग्य विम्यात मानसोपचाराचा खर्च समाविष्ट असतो, न कमावणाऱ्या जोडीदाराचा विमा बहुधा वेगळा हप्ता न भरता त्यातच येतो, आणि मानसोपचारतज्ज्ञाशी पहिल्या सल्लाभेटीची वेळ 116117 या क्रमांकावरून मिळवता येते. डॉक्टरांनी रक्त तपासले, औषधाची तूर्त गरज नसल्याचे सांगितले आणि लक्ष ठेवण्याचे मान्य केले.

आता मूळ मुद्दा. व्यवसाय सुटल्याचे दुःख त्यांना होतेच, आणि श्टुटगार्टच्या डिसेंबरात दुपारी साडेचारच्या सुमारास मावळणाऱ्या सूर्याचाही त्यात वाटा होता. मात्र रडू नेमके केव्हा येते याची नोंद त्यांनी ठेवली, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. बँकेचे पत्र आले आणि नवरा येईपर्यंत ते टेबलावर पडून राहिले, त्या दिवशी. शेजारीण कचऱ्याच्या डब्याविषयी काही बोलली आणि यांनी केवळ मान हलवली, त्या दिवशी. दाढ दुखत असताना दुसऱ्या दंतवैद्यासमोर स्वतःच्या दाताचे वर्णन नवऱ्याने केले, तो दिवस सर्वांत वाईट होता. ज्या स्त्रीने शेकडो दाढा काढल्या, तिला "इथे दुखते" एवढेही स्वतः सांगता आले नाही. एखाद्या लहानशा व्यवहारात दुसऱ्याच्या तोंडून बोलावे लागले की त्या दिवशी त्या कोलमडत, असे त्या नोंदींतून दिसत होते.

पुढच्या भेटीला पतींनाही बोलावले. ते मनापासून काळजीत होते. "मी हिला काही कमी पडू देत नाही," हे वाक्य त्यांनी पुन्हा पुन्हा उच्चारले, आणि ते अक्षरशः खरे होते. घराचा करार, पत्त्याची नोंदणी, विमा, निवास परवान्याची टर्मिन (कार्यालयातली भेटीची वेळ), इंटरनेट दुरुस्तीसाठीचा फोन, सर्व काही ते कामावरून थकून आल्यावर स्वतः उरकत. पत्रपेटीची किल्ली त्यांच्याच जुडग्यात होती. बँकेचे खाते त्यांच्या नावावर होते. पैसे मागितल्यावर त्यांनी कधीही नकार दिला नव्हता, परंतु स्वतःच्या मिळकतीवर आई-वडिलांचे घर रंगवून घेतलेल्या बाईला मागावे लागणे हेच मनाला लागत होते. आपल्याकडे प्रेमळ नवऱ्याची जी व्याख्या रूढ आहे, तिच्यात ते शंभर टक्के बसत होते. अशा प्रेमातून बायको हळूहळू घरातली पाहुणी होते, असे माझे मत या कामातून बनले आहे, आणि ते मी त्यांना स्पष्ट सांगितले. ते दुखावले. काही वेळाने त्यांनी विचारले, "मग मी मदत करायचीच नाही का?"

मदत करायची होती, पण दुसऱ्या क्रमांकावर राहून. पत्रपेटीची किल्ली त्यांनी पत्नीकडे दिली. पत्र त्या उघडतील, शब्दकोश घेऊन वाचतील आणि त्यांनी विचारले तरच पती सांगतील, असे ठरले. डॉक्टरकडे, कार्यालयात, दुकानात त्या आधी बोलतील. अडल्या तर त्यांच्याकडे वळतील, तोवर पती गप्प राहतील. हे गप्प राहणेच पतींना सर्वांत कठीण गेले, कारण पत्नी अडखळताना पाहणे त्यांना सोसवत नव्हते. खाते दोघांच्या नावे केले आणि दरमहा एक रक्कम पत्नीच्या स्वतंत्र खात्यात जाऊ लागली, जिचा हिशेब कोणी विचारणार नव्हते. फोनवर बोलणे त्यांनी बरेच दिवस टाळले, कारण समोरच्याचे हावभाव दिसत नसल्याने भाषा दुप्पट अवघड वाटते. मीही घाई केली नाही. पहिला फोन त्यांनी स्वतःच्या दातांच्या तपासणीची वेळ घेण्यासाठी केला.

भाषेचा अभ्यास त्यांनी घरी ॲपवर सुरू केला होता, तो मी फोल्क्सहोखशूलेच्या वर्गात हलवायला सांगितला. प्रौढांसाठीच्या या सार्वजनिक शिक्षणसंस्था जर्मनीत बहुतेक शहरांत आहेत. वर्गात सीरियातून आलेली एक औषधनिर्माती आणि ब्राझीलची एक वकील भेटली. दोघींचाही व्यवसाय सीमेपलीकडे राहिला होता.

अशा वेळी लोक सर्रास सांगतात, मराठी मंडळात जा, मन रमेल. मी ते सुरुवातीला सुचवले नाही. गणेशोत्सवात भेटणारी प्रत्येक व्यक्ती "तू काय करतेस?" असे सहज विचारत असे, आणि त्या प्रश्नानंतर त्या प्रसादासाठीही थांबत नसत. उत्तर द्यायला काहीतरी हाताशी आल्यावरच त्या पुन्हा गेल्या, आणि तिथे परवान्याच्या याच वाटेवर असलेली एक फिजिओथेरपिस्ट त्यांना भेटली.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. किल्ली, खाते, पारपत्र पतीच्या हाती आहे आणि ते मागण्याची भीती वाटते, बाहेर जाण्यास किंवा माहेरी बोलण्यास मज्जाव आहे, अशी स्थिती असेल तर तो या लेखातील प्रकार नव्हे. तिथे पतीला सत्रात बोलावणे धोक्याचे ठरू शकते. जर्मनीत अशा स्त्रियांसाठी 116016 हा मोफत, चोवीस तास चालणारा मदत क्रमांक आहे. म्हणूनच कोणत्याही दांपत्याला एकत्र भेटण्यापूर्वी मी पत्नीशी स्वतंत्रपणे बोलते.

परत जायचे का, हा प्रश्न त्या पहिल्या भेटीपासून विचारत होत्या. मी तो टाळला नाही. मात्र मन इतके खचलेले असताना दिलेले उत्तर "सुटका" एवढेच असते, म्हणून तो निर्णय पुढे ढकलण्याची विनंती केली. कृतघ्नपणाविषयी तेव्हाच सांगितले होते: पतीचे आभार मानणे आणि स्वतःचे काही हरवल्याचे दुःख करणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात, आणि त्यातल्या एकीसाठी दुसरी नाकारावी लागत नाही.

सध्या त्यांची बी-2 परीक्षा झाली आहे. एका दवाखान्यात त्या निरीक्षक म्हणून बसतात आणि वैद्यकीय भाषेच्या परीक्षेची तयारी करतात, ज्यात रुग्णाशी संवाद, लेखी नोंद आणि सहकारी डॉक्टरशी चर्चा अशी वीस-वीस मिनिटांची तीन अंगे असतात. रडू अजूनही येते, पण रोज नाही. पदवीच्या तुलनेचा निकाल आल्यावर राहायचे की सोलापूरला परतायचे हे दोघे मिळून ठरवणार आहेत, आणि त्या चर्चेसाठी सत्राची वेळ या खेपेस त्यांनी स्वतः मागून घेतली आहे.