जुन्या, विंटेज वस्तू वापरून घरातच छानसा क्राफ्ट स्टुडिओ कसा तयार करावा?

तुम्ही लिहिलंय की दहा बाय दहाची खोली रिकामी झाली आहे, बजेट पंचवीस हजार आहे, आणि 'आत पाऊल टाकलं की काहीतरी करावंसं वाटलं पाहिजे'. सोबत एक फोटो आहे. भिंतीवर टांगलेली खणाखणांची लाकडी चौकट, खणाखणात पितळेचं काहीतरी इवलंसं. हत्ती, घंटी, समई. खाली लिहिलंय, 'असं काहीतरी'.

खरं तर असल्या प्रश्नांना मी उत्तरं देत नाही. फोटो बघितला आणि राहवेना. ती चौकट म्हणजे छापखान्यातली खिळ्यांची केस. खिळे म्हणजे शिशाचे टाइप, छपाईची सुटी सुटी अक्षरं, भिंतीत ठोकायचे नव्हेत. आणि तुमच्या फोटोतली केस खोटी आहे.

सांगलीला माझ्या वडिलांचा छापखाना होता. छापखाना म्हणजे एक ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र, एक कटिंग मशीन, खिळे जुळवणारे दोन जुळारी आणि भिंतीलगत केसेस. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या, शाळांच्या प्रश्नपत्रिका. प्रश्नपत्रिकांचं काम आलं की मला आत यायला बंदी असे, कारण मला खिळ्यांवरची उलटी अक्षरं सुलट अक्षरांइतकीच भराभर वाचता येत. एरवी मात्र छापून झालेल्या मजकुराचे खिळे सुटे करून ज्याच्या त्या खणात परत टाकायचं काम सुट्टीत माझ्याकडेच. इंग्रजीला दोन केसेस पुरतात. देवनागरीला अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, रफार धरून शेकड्यांनी वेगवेगळे खिळे लागतात, म्हणून केसेसही जास्त. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्यांच्या टाइपाच्या वळणाबद्दल बाबा असे बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं ते घरातलंच कुणीतरी होतं.

तर केसेसचे खण कधीच एकसारखे नसतात. जी अक्षरं सारखी लागतात त्यांना मोठा खण, तोही हाताजवळ. काना, र, त, न हे ऐसपैस. ङ, ढ, ऋ कुठेतरी वरच्या कोपऱ्यात, दोन बोटं जेमतेम जातील एवढ्याशा जागेत. तुमच्या फोटोतले सगळे खण एका मापाचे आहेत. म्हणजे ती कुणीतरी हल्लीच बनवून, पॉलिशपेपर घासून, चहाच्या रंगाचं पॉलिश मारून 'जुनी' केली आहे. खऱ्या केसच्या खणांचे कोपरे काळपट असतात आणि तिला शाईचा नि रॉकेलचा वास असतो. तीस वर्षं झाली तरी पावसाळ्यात येतो.

१९९८ साली छापखाना बंद झाला. ऑफसेट छपाई आणि डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी, यांच्यापुढे ट्रेडल टिकणार नव्हतंच, त्याबद्दल तक्रार नाही. खिळे किलोवर गेले, वितळवायला. तेही समजू शकते. पण केसेस कुणी घेईना, तेव्हा दादानं त्या परसात रचून ठेवल्या आणि रोज सकाळी एक फोडून बंबात घालायला सुरुवात केली. मी दिवाळीला गेले तेव्हा निम्म्याहून जास्त संपल्या होत्या. बारीक पट्ट्या असल्यानं पेटतात झकास, असं वहिनीनं कौतुकानं सांगितलं. मी रडले, भांडले. दादा म्हणाला, "लाकूड आहे गं ते. वापरात नाही ते भंगार. तुला एवढा पुळका असेल तर ने."

नेल्या. चार केसेस, बाबांची कंपोझिंग स्टिक, म्हणजे खिळे ओळीत जुळवायची हातातली पट्टी, आणि लग्नपत्रिकेवर गणपती छापायचा ठसा, म्हणजे ब्लॉक. केस पावणेतीन फूट लांब असते, ती काही पिशवीत मावत नाही. एसटीच्या टपावर सुतळीनं बांधल्या. कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडताना विचारलं, "ताई, काय आहे हे?" मला पटकन काही सुचलं नाही, मी म्हटलं, "माहेर." तो हसला आणि पैसे मात्र पूर्ण घेतले.

पुढची तेरा वर्षं त्या केसेस पुण्यात आमच्या पलंगाखाली होत्या, आकाशकंदील आणि जुन्या गाद्यांच्या शेजारी. हे मुद्दाम सांगते, कारण दादाशी फोनवर हा विषय निघाला की मी तावातावानं बोलायचे आणि फोन ठेवल्यावर पलंगाखाली झाडू घालायचे. त्या तेरा वर्षांत त्याचंच बरोबर होतं.

२०११ साली मुलगा बंगळुरूला गेला आणि त्याची खोली मोकळी झाली. मी तेव्हा कापडी पुठ्ठ्याच्या वह्या बांधायला आणि लहान मुलांची दुपटी शिवायला लागले होते, डायनिंग टेबलावर, जेवणाच्या वेळा सांभाळून. खोली मिळाल्यावर मी पहिलं काय केलं असेल? केस पुसली, तेल लावलं, भिंतीवर टांगली. तुळशीबागेतून पितळेच्या इवल्या इवल्या शोभेच्या वस्तू आणून एकेका खणात ठेवल्या. हो, तंतोतंत तुमचा फोटो. आली-गेली माणसं 'किती सुंदर, किती सुंदर' म्हणायची. सहा महिन्यांत त्या खोलीत मी एकही वही बांधली नाही. दर रविवारी रंगाचा ब्रश घेऊन खणाखणातली धूळ मात्र काढली. खण किती आहेत ते मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

मग एके दिवशी हुकांचा डबा हातातून निसटला. फरशीभर हूक, आयलेट, प्रेसची बटणं, सगळं एकमेकांत. ते वेगवेगळं करायला काही हाताशी नव्हतं, म्हणून भिंतीवरची केस उतरवली, पितळ एका पातेल्यात ओतलं, केस टेबलावर आडवी ठेवली आणि निवडायला बसले. अर्ध्या तासानं लक्षात आलं की मी बघतच नाहीये. हात आपोआप जात होता. पांढरी बटणं सगळ्यात जास्त, म्हणून ती कान्याच्या खणात. काळी र मध्ये. हूक त मध्ये. जे वर्षातून एकदा लागतं ते ङ मध्ये. दहा वर्षांची असताना हात जसा चालायचा तसाच.

तेव्हापासून आमच्या घरात वस्तूंचे पत्ते असे आहेत. नवरा विचारतो, "बारीक सुया कुठेत?" मी स्वयंपाकघरातून ओरडते, "ज्ञ मध्ये!" तो आता चुकत नाही. कामवाल्या मावशींनाही कळतं. कंपोझिंग स्टिकचा सरकता तुकडा घट्ट करता येतो, म्हणून दुपट्याच्या पट्टीची रुंदी मापायला आणि वहीच्या घडीवर टोच्यानं भोकं पाडायच्या खुणा करायला तीच. गणपतीचा ब्लॉक स्टँपपॅडवर दाबून मी दिवाळीच्या भेटीची लेबलं छापते, जरा कोपरा झिजलाय, सोंड पुसट येते, येऊ दे.

आता तुमचा प्रश्न. खोलीत पाऊल टाकलं की काम सुचतं हे मला तरी पटत नाही. सुई दिव्याशिवाय सापडली की काम सुचतं. म्हणून आधी टेबल, दिवा आणि हात पोचेल एवढ्या अंतरावर सगळं, मग विंटेज. बसून काम असेल तर टेबल अडीच फुटांच्या आत, उभं राहून कापड बेतायचं असेल तर तीन फूट. उजेड डावीकडून यावा, डावखुऱ्या असाल तर उजवीकडून. प्लग पॉइंट टेबलाच्या उंचीवर घ्या, इस्त्रीसाठी वाकून वाकून कंबर जाते. माझ्या खोलीत सगळ्यात जास्त पैसे इलेक्ट्रिशियनला गेले आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही.

वस्तू कुठे मिळतील? पुण्यात असाल तर जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी, सकाळी लवकर. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट. पण सगळ्यात आधी नातेवाइकांचे माळे बघा. जुनं घर पाडून इमारत होत असेल तिथे दोन महिने आधी जाऊन या. औषधांच्या दुकानातली लहान खणांची कपाटं, किराणा दुकानातल्या काचेच्या बरण्या, शाळेतली दुमडती बाकं, हे कामाला येतं. जुनं शिलाई मशीन घेणार असाल तर चाक हातानं फिरवून बघा, कापडाचा तुकडा आणि दोरा घरून न्या आणि तिथेच दहा टाके घालून बघा. काळ्या रंगावरची सोनेरी वेलबुट्टी बघून पैसे देऊ नका. सिंगरवर नंबराआधी इंग्रजी अक्षर असेल तर ते १९०० किंवा त्यानंतरचं, आणि विकणारा 'शिवाजी महाराजांच्या काळातलं आहे ताई' म्हणाला तर हसून पुढे जा.

लाकूड घेताना खण ओढून खालची बाजू बघा. वरून सगळे सागवान सांगतात, खाली रंधा आणि प्लाय खोटं बोलत नाहीत. घरी आणलं की आठ दिवस वर्तमानपत्रावर ठेवा. कागदावर पिठासारखी भुकटी पडली तर आत भुंगा जिवंत आहे, कापडाजवळ नेऊ नका. खिळ्यांच्या केसचा खण दीड इंचसुद्धा खोल नसतो, लोकरीचे गुंडे, कात्र्या, फेव्हिकॉलच्या बाटल्या त्यात राहत नाहीत. त्यासाठी बिस्किटांचे पत्र्याचे डबे. ते विंटेज नाहीत म्हणून मी त्यांचा अपमान करत नाही.

पंचवीस हजारांत होईल का? होईल, दिखाऊ काही घेतलं नाही तर. फोटोतल्यासारखं हवं असेल तर नाही होणार आणि झालं तरी काम होणार नाही. हे मी दादाच्या बाजूनं बोलतेय असं वाटेल. वापरात नाही ते भंगार, हे वाक्य त्याचंच. पण भंगार म्हणजे जाळायचं, हे त्यानं स्वतःचं जोडलं होतं.

त्याच्याकडेही एक केस उरली होती, माळ्यावर चढवायचा कंटाळा म्हणून खालच्या खोलीत, स्क्रू आणि वायसर ठेवायला. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला, सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ फुटांच्या वर. दादाच्या घरात खालचा मजला पाण्यात. पाणी ओसरल्यावर मी गेले. नवी कपाटं, मॉड्युलर की काय ते, फुगून पापडासारखी झाली होती, हात लावला की पदर सुटत. केस चिखलात पालथी होती. मी नळाखाली धुतली आणि पडवीच्या सावलीत उभी करून आले. तळाची फळी एका कडेला सुटली होती, बाकी काही नाही. पंधरा दिवसांनी दादाचा फोन. म्हणाला, "वाळली गं." एवढंच. एकवीस वर्षं मी त्या दोन शब्दांसाठी थांबले होते असं म्हटलं तर चालेल.

गेल्या महिन्यात त्यानं परत फोन केला. नवा फ्लॅट घेतलाय, चौथ्या मजल्यावर, पुराच्या भीतीनं. केस हॉलमध्ये भिंतीवर लावणार आहे, वरून फोकस लाइट. 'तुझ्याकडचं ते पितळेचं पाठव ना.' पातेलं अजून तसंच आहे, पाठवायचं की नाही ते ठरत नाहीये.

एक राहिलं, हे आधी सांगायला हवं होतं. खरी केस मिळाली तर तिच्यात शिशाची धूळ असते. खिळे शिसं, अँटिमनी आणि कथील मिळून ओततात, आणि वर्षानुवर्षांचा भुगा कोपऱ्यात साठलेला असतो. कोरडी झटकू नका, फुंकर तर अजिबात मारू नका. मास्क लावून ओल्या फडक्यानं दोनतीनदा पुसा, फडकं टाकून द्या, हात साबणानं धुवा. मग पॉलिशचा एक हात मारा. घरात रांगतं मूल असेल तर केस आणूच नका. पोरं हाताला येईल ते तोंडात घालतात. आम्ही लहानपणी त्याच हातांनी शेंगा खायचो आणि दादाच्या घरी त्या लाकडावर पाणी तापत होतं. तेव्हा कुणाला काही माहीत नव्हतं.

आणि फोटोतली ती चौकट घेऊन झाली असेल तर परत करायला जाऊ नका, घेणार नाहीत. भिंतीवरून उतरवा, टेबलावर आडवी ठेवा. खण एका मापाचे असले तरी हूक मावतात.