चाळीस यार्डांच्या पलीकडे

प्रश्न : एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये (संघांकडून होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) नव्याने निवडलेला वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणारा खेळाडू, कितपत यशस्वी होईल, हे त्याच्या ४० यार्ड धावण्याच्या वेळेवरून सांगता येते का?

उत्तर : फारच थोडे. जॉन रॉसने २०१७ मध्ये हे अंतर ४.२२ सेकंदांत कापून तेव्हाचा विक्रम मोडला, सिनसिनाटी बेंगल्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले, आणि पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही; उलट २०२३ मध्ये थेट १७७व्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या पुका नाकुआने लॉस एंजेलिस रॅम्सकडून पहिल्याच वर्षी १०५ झेल आणि १,४८६ यार्ड मिळवले. म्हणून चित्रफीत पाहताना नजर चेंडूवर न ठेवता रिसीव्हरच्या पहिल्या दोन-तीन पावलांवर ठेवावी : कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरवर पहारा ठेवणारा बचावपटू, त्याच्या छातीवर हात टाकून अडवू पाहतो, तेव्हा तो हात झटकून रिसीव्हर आपल्या मार्गाला लागतो, की साइडलाइनकडे ढकलला जातो? वळण्यापूर्वी चार-पाच आखूड पावले टाकणारा आपला बेत आधीच उघड करतो. मला मात्र सर्वाधिक खटकते ती चेंडू हातांनी पुढे होऊन न टिपता छातीशी येऊ देण्याची सवय, कारण तेवढ्या अवधीत बचावपटूचा हात मध्ये येतो.