टॅब्लॉइडच्या पहिल्या पानाची भाषा नेमकी कशी तपासायची?

प्रश्न: पत्रकारितेच्या प्रोजेक्टसाठी टॅब्लॉइडच्या पहिल्या पानावरची भाषा आणि त्यात माणसं कशी दाखवतात, यावर लिहायचं आहे. नोट्समध्ये सगळी उदाहरणं इंग्लंडची. कोल्हापुरात राहून हे कसं करू?

उत्तर: कोल्हापुरातल्या एका सांजदैनिकात पान एक लावायचं काम मी बरीच वर्षं केलं. त्यामुळे पुस्तकातलं राहू दे, डेस्कवरून जे दिसतं ते सांगतो.

टॅब्लॉइड म्हणजे मुळात पेपरचा लहान आकार; भडक बातमीदारीलाही पुढे तेच नाव पडलं. आधी आकाराचा नाद सोडा. लंडनचा 'द टाइम्स' २००४ पासून आणि 'गार्डियन' २०१८ पासून टॅब्लॉइड आकारात निघतो, पण म्हणून त्यांचा 'सन' (तिथला भडक मथळ्यांचा पेपर) झाला नाही. आपल्याकडे उलटं आहे. सकाळच्या मोठ्या आकाराच्या पेपरातही पान एकच्या घडीखाली अस्सल टॅब्लॉइड ऐवज सापडतो. तेव्हा एस. टी. स्टँडवर मिळणारी सांजदैनिकं घ्या, सकाळचे दोन पेपर घ्या आणि फक्त पान एक समोर ठेवा.

मग बघा, कुणाला कोणतं नाव मिळालंय. मथळ्यात जागा इतकी कमी, की एका माणसाच्या वाट्याला एकच शब्द येतो. पुरुष असेल तर तो शिक्षक, हमाल, सराफ, माजी सरपंच. बाई मात्र विवाहिता, नवविवाहिता, तरुणी, नाहीतर प्रेयसी. ती नर्स असेल, दहा वर्षं बचत गट चालवत असेल, ते आत पान पाचवर, तेही जमलं तर. पदक जिंकलं की मात्र ती अख्ख्या कोल्हापूरची लेक होते. कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, तशा बातमीला हा शब्द हमखास. पुरुष जिंकला तर 'पठ्ठ्या'. आरोपीचंही तसंच. गरीब घरचा असेल तर नाव, वय, गल्लीसकट पत्ता. पैसेवाल्याचा पोरगा असेल तर 'बड्या व्यावसायिकाचा मुलगा'. गल्ली कुठली ते गावाला माहीत असतं, पण छापत कोणी नाही.

आता क्रियापदाकडे या. खरा माल इथं आहे. नेहमीच्या साच्यातले दोन मथळे मीच जुळवून देतो:

'प्रियकराच्या मदतीने पत्नीनेच काढला पतीचा काटा'

'दारूच्या नशेत पतीकडून पत्नीचा खून'

गुन्हा एकच, खून. पहिल्यात बाई कर्ता आहे, क्रियापद रोखठोक आहे, वर 'नेच'मधला तो 'च'. तो 'च' म्हणजे उपसंपादकाने दिलेला निकाल. प्रकरण अजून फिर्यादीच्या टप्प्यावर असतं. शिवाय क्रियापद उचलून मधे आणलंय. साधं मराठी वाक्य 'काटा काढला' असं संपतं, इथं शेवट 'काटा'वर येतो आणि ढोलकीवर थाप पडावी तसा वाजतो. दुसऱ्यात सुरुवातीलाच दारू येऊन बसली, म्हणजे अर्धा दोष बाटलीचा. नवरा 'कडून' झाला आणि क्रियापद गेलंच. 'खून' हे नाम उरलं, जणू ते आपोआप घडलं. महिनाभराचे पेपर घेऊन 'ने' कुणाला लागतो आणि 'कडून' कुणाला, एवढंच मोजा. प्रोजेक्टचा निम्मा भाग तिथेच होईल.

हे कुणी कट करून लिहीत नाही, हेही लिहा. दुपारी पान सोडायची घाई, कॉलमात अक्षरं बसवायची, आणि समोर पोलिसांची प्रेसनोट. 'मुसक्या आवळल्या', 'जेरबंद', 'सापळा रचून' ही भाषा बरीचशी तिथून येते. फोटोसुद्धा तिथलाच: पुढे खाली बसवलेले, तोंड झाकलेले संशयित, मागे गुन्हे अन्वेषणचं पथक छाती काढून उभं, टेबलावर जप्त केलेला ऐवज. फोटोखालच्या ओळीत सगळ्या अधिकाऱ्यांची नावं. संशयिताला 'संशयित' म्हणायचं की 'सराईत', हे वकिलाने तोंड उघडायच्या आधीच ठरून गेलेलं असतं.

कायद्याचा भाग सोडू नका. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ मुलांचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापू देत नाही. पेपर नाव गाळतात. पण 'करवीर तालुक्यातील अमुक गावात आठवीत शिकणारी, वडील ट्रॅक्टरचालक' असं छापलं तर काय झाकलं? त्या गावात आठवीत मुली किती असणार? असली कात्रणं प्रोजेक्टला जोडताना गावाचं नाव खोडा, नाहीतर तेच पाप तुमच्या हातून.

नदीचं पानही घ्या, कुणी घेत नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. अशा वेळी पंचगंगा 'कोपते', 'रौद्ररूप धारण करते', गावांना 'विळखा घालते'. सगळी क्रियापदं नदीची. पूररेषेच्या आत बांधकामांना परवानगी कुणी दिली, त्या वाक्याला कर्ता सापडत नाही. 'परवानग्या दिल्या गेल्या'.

इंग्लंडची दोन उदाहरणं ठेवा, तुलनेला बरी पडतात. फॉकलंडच्या युद्धात २ मे १९८२ ला ब्रिटनने 'जनरल बेलग्रानो' ही अर्जेंटिनाची युद्धनौका बुडवली, ३२३ माणसं मेली. 'सन'ने ४ मेच्या अंकात मथळा दिला 'गॉचा', म्हणजे 'घावला!'. मृतांचा आकडा मोठा असणार असं दिसल्यावर पुढच्या आवृत्तीत तो काढला. दुसरं, इंग्लंडमधल्या हिल्सबरो फुटबॉल स्टेडियमची चेंगराचेंगरी, १५ एप्रिल १९८९. चारच दिवसांनी त्याच पेपरने 'सत्य' अशा मथळ्याखाली लिव्हरपूलच्या प्रेक्षकांवर मृतांचे खिसे मारल्याचे खोटे आरोप छापले. पान एकवर माफी आली ती २०१२ मध्ये. लिव्हरपूलमध्ये आजही कित्येक दुकानं तो पेपर ठेवत नाहीत.

आपल्याकडे निदान एवढं शोधा: पान एकवर ज्याचा फोटो आला, तो पुढे निर्दोष सुटला तर ती बातमी कुठे लागली, किती कॉलम. त्यासाठी जुने अंक लागतील. करवीर नगर वाचन मंदिरात विचारा, विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागातही विचारून बघा. सकाळी लवकर जा, दुपारी स्पर्धा परीक्षेवाल्यांची गर्दी असते.