1000 लिटरच्या टाकीत कॅल्साइट (चुनखडीतल्या खनिजाची पूड) तळाला बसतं. आरपीएम (मिनिटाला फेरे) वाढवू का?

नका वाढवू, इतक्यात तरी. हिंगणा एमआयडीसीतल्या टाकीचं जे वर्णन तुम्ही दिलंय (सपाट बूड, व्यास 1100 मिमी, 45 अंशांत तिरपी चार पाती, ढवळणीचा व्यास 400 मिमी, 100 किलो पाण्याला 325 मेशच्या चाळणीतून गेलेलं, म्हणजे अगदी बारीक, 30 किलो कॅल्साइट), त्यात मध्ये खोल भोवरा आहे, पण बॅफलचा, म्हणजे भिंतीलगतच्या उभ्या पट्ट्यांचा, पत्ता नाही. रोग तिथेच आहे. बॅफल नसले की पाणी पात्यांबरोबर नुसतं गोल फिरतं, वर-खाली होतच नाही. वेग वाढवला तर हवा ओढली जाईल, शाफ्ट थरथरेल, अन् गाळ जागेवरच राहील.

आत असे चार बॅफल लावा, प्रत्येकी 100 मिमी रुंद. भिंतीपासून 15-20 मिमी फट सोडा, नाहीतर पट्टीमागे माल साचतो. बूड आणि भिंतीच्या कोपऱ्यात 45 अंशांत तिरपी पट्टी वेल्ड केली तर उत्तमच.

मग फिरण्याची दिशा तपासा. पात्याची पुढे जाणारी धार वरच्या बाजूला हवी, तरच पाणी खाली ढकललं जातं. मोटर रिवाइंडिंगहून आली आणि दोन फेज अदलाबदल झाल्या की पाती पाणी वर फेकतात. वरून सगळं छान ढवळल्यासारखं दिसतं!

आता वेग. कण तळावरून जेमतेम उचलले जातील तो वेग काढणाऱ्या झ्वीटरिंगच्या 1958 च्या सूत्राने तुमच्या मालाला 120 ते 150 आरपीएम पुरतात, गिअरबॉक्ससह 1 एचपीची मोटर भागवते. वेग 20 टक्के वाढवला तर वीज पावणेदोन पट लागते. उलट माल दुप्पट टाकला तरी वेग जेमतेम 9 टक्के वाढवावा लागतो. घनता मात्र भारी पडते: मनसरकडच्या मँगनीजची तेवढीच बारीक पूड असती, तर वेग तिसऱ्या हिश्श्याने जास्त लागला असता.

खात्रीसाठी वरून आणि तळाच्या व्हॉल्व्हमधून एकेक लिटर काढून तोला. दोन्ही 1.17 किलोच्या आसपास हवेत. तळाचं बरंच जड भरलं तरच आरपीएम थोडा वाढवा.

पाती बुडापासून 350 मिमीवर ठेवा. लाइट जाऊन माल बसला तर थर साधारण पाव मीटरचा होतो. पाती खाली असली आणि त्यात रुतलेली असताना बटण दाबलं तर शाफ्ट वाकतो. तसं झालं तर आधी तळाच्या व्हॉल्व्हमधून हवा सोडून थर सैल करा.