चिखलाच्या ट्रकला गिअरबॉक्स कोणता लावावा, मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

तुमच्या प्रश्नात शेवटी एक ओळ आहे, "ऑटोमॅटिक चिखलात जळतात म्हणे." हे वाक्य मी अकरा वर्षं घरात ऐकतोय, सख्ख्या मोठ्या भावाच्या तोंडून. म्हणून लिहायला बसलो.

आधी उत्तर. ४५४ बिग ब्लॉक (शेव्हरलेचं मोठं व्ही ८ इंजिन), ४४ इंची टायर, एनपी २०५ ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी आणि लो रेंज देणारी पेटी), ५.३८ चं डिफरन्शियल आणि गाडी फक्त चिखलाच्या खड्ड्यांतून पार काढण्यासाठी, एवढं तुम्ही सांगितलंय. टर्बो ४०० लावा, म्हणजे जनरल मोटर्सचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक; नावातल्या टर्बोचा टर्बोचार्जरशी संबंध नाही. मॅन्युअलच्या नादी लागू नका.

आता का ते. दादाने आणि मी मिळून जो ट्रक उभा केला त्याचं इंजिन, टायर आणि मागचे सगळे रेशो तुमच्यासारखेच होते. गिअरबॉक्स होता मॅन्युअल, एसएम ४६५. चार गिअरची ओतीव लोखंडाची पेटी, पहिला गिअर ६.५५, म्हणजे इंजिनाचे साडेसहा फेरे झाले की पेटीतून बाहेर एक फेरा. दादा त्या पेटीवर हात ठेवून म्हणायचा, "ही आपल्या नातवंडांनाही पुरेल." त्यात खोटं काही नव्हतं. ती पेटी आमच्याकडे एकदाही तुटली नाही. पण ट्रक एकदाही खड्ड्याच्या पलीकडे गेला नाही.

पहिल्याच दिवशी काय झालं ते सांगतो. साधारण साठ मीटरचा खड्डा, मध्यावर चिखल टायरच्या निम्म्याच्या वर. दादा स्टिअरिंगवर, मी बाजूला. लो रेंज, दुसरा गिअर, इंजिन पूर्ण बोंबलतंय आणि ट्रक छान निघाला. वीस मीटर गेल्यावर टायरच्या खाचा भरल्या. खाचा भरल्या की ४४ इंची टायर नुसता गुळगुळीत ड्रम होतो. चिखल फेकून द्यायचा तर चाक आणखी जोरात फिरायला हवं, म्हणून दादाने क्लच मारून तिसरा टाकला. डांबरी रस्त्यावर या अर्ध्या-पाऊण सेकंदात गाडी आपल्या वेगाने पुढे जात राहते. चिखलात तसं होत नाही, चारी चाकांना चिखल धरूनच बसलेला असतो. क्लच दाबला त्या क्षणी ट्रक थांबला, जणू भिंतीला टेकला. दादाने क्लच सोडला, इंजिन दबलं, त्याने परत क्लच मारून रेस वाढवली आणि झटक्यात सोडला. पुढच्या अ‍ॅक्सलचा क्रॉस, म्हणजे शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट, तुटला. बाहेर निघायला पाच तास लागले, दोन ट्रॅक्टर लागले आणि एक जाडजूड दोर तुटला. कुणाला इजा झाली नाही, पण तो तुटलेला दोर माझ्या खिडकीवरून सपकन गेला ते मी विसरलेलो नाही.

त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला. तुमचेही आकडे तेच आहेत, तर तुम्हीही मांडून बघा. एनपी २०५ चा लो रेशो १.९६, डिफरन्शियल ५.३८, इंजिन ५००० आरपीएमवर, टायरचा परीघ साडेतीन मीटर. एसएम ४६५ च्या पहिल्या गिअरमध्ये चाकाचा वेग येतो ताशी १५ किलोमीटर. दुसऱ्यात २८. तिसऱ्यात एकदम ५९. चौथ्यात १००. दबलेल्या टायरला आकडे थोडे कमी भरतील, पण मधली दरी तेवढीच राहते. चिखलात ज्या वेगाची गरज असते तो नेमका त्या २८ ते ५९ च्या दरीत पडतो. आणि ती दरी ओलांडायची कशी, तर इंजिन आणि चाकं एकमेकांपासून सोडवून, भर चिखलात.

टर्बो ४०० चे रेशो २.४८, १.४८ आणि १.००. तोच हिशेब केला की ताशी ४०, ६७ आणि १००. आणि गिअर बदलताना जोर तुटत नाही, कारण आतल्या एका क्लचची पकड सुटता सुटता दुसरा पकडतो. चिखलाच्या ट्रकसाठी ऑटोमॅटिक घ्यायचं खरं कारण हेच. आराम वगैरे गोष्टी नंतरच्या.

तुम्ही म्हणाल, पहिला गिअर ६.५५ कुठे आणि २.४८ कुठे, गाडी उठणार कशी? त्यासाठी टॉर्क कन्व्हर्टर आहे, इंजिन आणि ऑटोमॅटिक पेटी यांच्यामधला तेलाने भरलेला जोड. चाकं अडलेली आणि इंजिन जोरात असलं की कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क साधारण दुप्पट करून पुढे देतो. म्हणजे उठताना तुमच्या हातात पाचाच्या आसपासचा रेशो असतो आणि गाडी सुटली की तो आपोआप उतरतो. शिवाय मधे तेल असल्यामुळे झटका सरळ शाफ्टवर जात नाही. आमच्या ट्रकचे क्रॉस ऑटोमॅटिक लावल्यावर तुटायचे थांबले. दादा याचं श्रेय नव्या क्रॉसना देतो.

आता जळण्याची गोष्ट. ती मी लपवणार नाही, कारण पहिला ऑटोमॅटिक माझ्याच हट्टाने आला आणि तो खरंच जळला.

मी निवडला होता ७०० आर ४, जनरल मोटर्सचाच दुसरा ऑटोमॅटिक. पहिला गिअर ३.०६ बघून भुललो. हा गिअरबॉक्स १९८२ पासून गाड्यांत येऊ लागला, चार गिअरचा, रस्त्यावर उत्तम. पण त्याच्या आतला तेलाचा दाब ठरतो कार्ब्युरेटरला जोडलेल्या एका केबलवर, जिला सगळे टीव्ही केबल म्हणतात. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ही केबलही पूर्ण ओढली गेली पाहिजे. आमच्या मेकॅनिकने दुसऱ्याच कार्ब्युरेटरच्या लिव्हरला ती कशीबशी अडकवली आणि "बसली" म्हणाला. बसली नव्हती. पाय तळाला असताना केबल निम्मीच ओढली जात होती, म्हणजे इंजिन सगळी ताकद लावतंय आणि आतल्या क्लचच्या प्लेटा अर्ध्या दाबाने धरून आहेत. वर तेल थंड करायला फक्त रेडिएटरमधला कूलर, आणि रेडिएटर पुढे, चिखलाने लिंपलेला. चौथ्या फेरीला तेल तपकिरी झालं, करपल्याचा वास आला आणि तिसरा गिअर गेला.

दादा एवढंच म्हणाला, "सांगितलं होतं." आठवड्याभरात एसएम ४६५ परत बसवला. मी काही बोललो नाही, पण जळलेली पेटी भंगारात जाऊ दिली नाही. टेबलावर घेऊन रात्रीचा उघडत बसलो. पहिल्या आणि रिव्हर्स गिअरच्या प्लेटा नव्यासारख्या होत्या, लायनिंगवरचे छापलेले आकडे दिसत होते. दुसऱ्या गिअरचा पट्टाही ठीक. जळाला होता फक्त तिसऱ्या-चौथ्याचा क्लच, लायनिंग उडून पत्र्याला पत्रा घासून निळा पडलेला. ऑटोमॅटिक चिखलात आपसूक जळत असते तर सगळी पेटी काळी निघाली असती. एकच संच जळाला, तो कमी दाबामुळे आणि गरम तेलामुळे. मी दादाला बोलावलं. तो आला, उभा राहिला आणि म्हणाला, "ही उचल इथून, जागा अडते." प्लेट हातात घेऊन बघितलीसुद्धा नाही. ते मला अजून लागतं.

पुढच्या मोसमात मी माझ्या कमाईतून टर्बो ४०० घेतला. १९६४ मध्ये आलेली रचना, मोठ्या इंजिनांच्या जड गाड्यांसाठी केलेली. टीव्ही केबल नाहीच. दाब ठरवायला इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा मॉड्युलेटर असतो, आणि त्याची नळी तुटली तर दाब वाढतो, कमी होत नाही. म्हणजे गिअर धाडकन पडतील, पण प्लेटा घसरून जळणार नाहीत. हा फरक लक्षात ठेवा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

तेलाचा कूलर मोठा घेतला आणि केबिनच्या मागे, लोडबॉडीत उंचावर, स्वतंत्र पंख्यासह बसवला. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या तेलाच्या नळीवर तापमानाचा काटा लावला, कारण पॅनमधलं, म्हणजे पेटीच्या तळाच्या भांड्यातलं, तेल थंड होऊन आलेलं असतं, ते तुम्हाला उशिरा सांगतं. पॅनमध्ये ८० अंश सेल्सिअस ही आरामाची जागा. त्याच्या वर दर दहा-अकरा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं, हा या धंद्यातला जुना हिशेब आहे. कन्व्हर्टरच्या नळीवर काटा थोडा वेळ बराच वर जाणारच, पण तो खाली येत नसेल तर गाडी न्यूट्रलला टाकून इंजिन थोडं वाढवून चालू ठेवा. तापलेली पेटी लगेच बंद करू नका, बंद केली की तेल फिरायचं थांबतं.

नऊ मोसम झाले. मधे एकदा सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट यायला लागले. दादाने हेड गॅस्केट गेलं म्हणून बोनेट उघडलं आणि पाने काढले. मी मॉड्युलेटरची नळी ओढली, तर आत लाल तेल. पडदा फाटला होता आणि इंजिन गिअरबॉक्सचं तेल पीत होतं. एक बोल्ट काढून मॉड्युलेटर बदलला, धूर गेला. पेटी म्हणून टर्बो ४०० ने मला दिलेला त्रास एवढाच.

पाण्याचं सांगायचं राहिलं. तापलेली पेटी थंड पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा आत-बाहेर व्हायच्या भोकातून, पाणी आत ओढते. ब्रीदरला नळी जोडून ती फायरवॉलवर उंच न्या. ट्रान्सफर केस आणि दोन्ही अ‍ॅक्सलचीही तशीच. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर त्याच दिवशी गाडी थांबवा. प्लेटांचं लायनिंग कागदी असतं आणि ते चिकटवलेलं असतं, पाण्याने ते सुटतं. नुसतं तेल बदलून भागत नाही.

काही अपवाद. दगडांवरून इंचाइंचाने चढायचं असेल तर दादाचं खरं, तिथे ६.५५ चा पहिला गिअर राजा आहे. गाडी स्वतः रस्त्यावरून लांब चालवत न्यायची असेल तर ४ एल ८० ई बघा, ती टर्बो ४०० चीच पुढची पिढी, वर ०.७५ चा चौथा गिअर, पण तिला कॉम्प्युटर लागतो. फोर्डचं इंजिन असतं तर मी त्यांचा ऑटोमॅटिक सी ६ म्हटलं असतं, क्रायस्लरचं असतं तर त्यांचा ७२७. मात्र ७२७ मध्ये हवेत फिरती चाकं अचानक पकडली की पेटीच्या आतला पुढचा ड्रम फुटायचा धोका असतो, तिथे संरक्षक कवच हवंच. खरं तर कुठल्याही पेटीवर लावा, पाय तिथेच असतात.

जुना टर्बो ४०० घेताना केसचा पुढचा भाग नीट बघा. बेलहाउसिंग केसमध्येच ओतलेलं असतं आणि ब्यूक, ओल्ड्समोबिल, पॉन्टिअॅकसाठीच्या पेट्या शेव्हरलेच्या इंजिनाला सरळ बसत नाहीत. आणि फोर बाय फोरचा मागचा शाफ्ट व अ‍ॅडॉप्टर सोबत मिळतोय का, तेही आधी विचारा. ते वेगळं शोधायला लागलं की स्वस्त पेटी महाग पडते.

स्टॉल किती ठेवावा, म्हणजे चाकं अडलेली असताना कन्व्हर्टरने इंजिनाला किती आरपीएमपर्यंत जाऊ द्यावं, हे तुम्ही विचारलंय. कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कोणता आहे ते कळल्याशिवाय मी आकडा देणार नाही. माझ्याकडे २४०० आहे. जास्त ठेवला की इंजिन लवकर ताकदीवर येतं, पण तेलही लवकर तापतं. मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे गिअर फक्त तुमच्या हाताने बदलू देणारा भाग, मात्र नक्की घाला. ऐन खड्ड्यात पेटीने स्वतःच्या मनाने गिअर बदलला तर तुमचा अंदाज चुकतो.

तुमच्या शेडमध्ये पडलेला टर्बो ३५० चालेल का, हेही विचारलंय. टायर ३५ इंची असते तर हो म्हटलं असतं. ४५४ आणि ४४ इंचाखाली त्याच्या दुसऱ्या गिअरचा रोलर क्लच, म्हणजे एकाच दिशेला पकडणारा क्लच, टिकायचा नाही. तो विका आणि आलेले पैसे कूलरला लावा.