वाचकांचे प्रश्न : फ्लॉपी गेली, आता सीडीवरून डॉस कसे सुरू करावे?

प्रश्न : आमच्या सियागंजातील दुकानाचा 2003 पर्यंतचा हिशेब डॉस या विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये आहे. वडिलांनी तो संगणक जपून ठेवला आहे. परंतु हार्ड डिस्कवरून डॉस सुरू होत नाही आणि फ्लॉपी ड्राइव्ह नुसता घरघर करून थांबतो. जेल रोड पालथा घातला, तरी नवा ड्राइव्ह मिळाला नाही. म्हणून जुन्या बूट फ्लॉपीवरील, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फ्लॉपीवरील, आयओ.सिस, एमएसडॉस.सिस आणि कमांड.कॉम या तिन्ही फायली मित्राच्या संगणकावरून सीडीवर उतरवल्या, तरी आमचा संगणक त्या सीडीकडे ढुंकूनही पाहत नाही. माझे काय चुकले?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : फायली आपण बरोबर निवडल्यात, पण जी गोष्ट फाइल नाही ती मागेच राहिली. संगणक सुरू होतो तेव्हा बायोसला, म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये असलेल्या आणि सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमला, फायली कळत नाहीत. तो फ्लॉपीचा पहिला, 512 बाइटांचा सेक्टर (डिस्कवरील माहितीचा सर्वांत लहान कप्पा) जसाच्या तसा मेमरीत घेतो आणि त्यातील इवल्याशा प्रोग्रॅमच्या हाती कारभार सोपवतो, आयओ.सिस शोधून काढणे हे त्या प्रोग्रॅमचे काम. आपण फायली कॉपी केल्यात तेव्हा हा बूट सेक्टर फ्लॉपीवरच राहिला.

शिवाय सीडीची मांडणी निराळी असते. तिचे सेक्टर 2048 बाइटांचे असून पहिले सोळा सेक्टर राखीव असतात. बायोसने सीडीवरून कसे सुरू व्हावे याचा संकेत 1995 मध्ये आयबीएम आणि फिनिक्स टेक्नॉलॉजीज यांनी ठरवला. त्याचे नाव एल टोरिटो. (हे नाव कॅलिफोर्नियातील एका उपाहारगृहावरून पडले असे सांगतात, हेच काम इंदुरात झाले असते, तर सराफ्यातील एखाद्या खाऊच्या दुकानाला तो मान मिळाला असता.) या संकेतानुसार शून्यापासून मोजल्यास सतराव्या सेक्टरमध्ये एक नोंद असते. ती बूट कॅटलॉगचा पत्ता देते, आणि कॅटलॉग सांगतो की फ्लॉपीची इमेज (बूट सेक्टरसकट संपूर्ण फ्लॉपीची एका फाइलमधील हुबेहूब नक्कल) सीडीवर अमुक ठिकाणी आहे, तिला 1.44 एमबीची फ्लॉपी समजावे. बायोस तसे सोंग उभे करतो, आणि डॉसला वाटते की आपण ए ड्राइव्हमधील फ्लॉपीवरूनच सुरू झालो.

म्हणून आधी फ्लॉपीची इमेज हवी, आणि ती बाइटागणिक पूर्ण हवी. 80 ट्रॅक, 2 बाजू, प्रत्येक ट्रॅकवर 18 सेक्टर आणि प्रत्येक सेक्टर 512 बाइटांचा, असा हिशेब केला की 14,74,560 बाइट होतात. बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण इमेज यापेक्षा लहान वा मोठी असली की सीडीची इमेज बनवणारा प्रोग्रॅम ती 1.44 एमबीची फ्लॉपी म्हणून स्वीकारत नाही. मित्राच्या संगणकावर जुनी फ्लॉपी अजून वाचली जात असेल, तर लिनक्सवर डीडी किंवा विंडोजवर विनइमेज वापरून तिची इमेज घ्यावी. मात्र माझा कल फ्रीडॉसकडे, म्हणजे एमएस-डॉसच्या जागी चालणाऱ्या मुक्त डॉसकडे आहे. 1994 मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प विनामूल्य असून त्याच्या तयार बूट फ्लॉपीच्या इमेज मिळतात. शिवाय तो हार्ड डिस्कवरील फॅट 32 या मांडणीचे विभाग वाचतो, जे एमएस-डॉस 6.22 ला जमत नाही.

इमेज एका रिकाम्या फोल्डरमध्ये ठेवून सीडीची इमेज बनवणाऱ्या एमके-आयएसओएफएस (mkisofs) या प्रोग्रॅमला '-बी' पर्यायाने तिचे नाव आणि '-सी' पर्यायाने कॅटलॉगचे नाव द्यावे. इमेजचा पत्ता त्या फोल्डरपासून धरायचा असतो, संगणकाच्या मुळापासून नव्हे. तयार झालेली आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण सीडीची इमेज, सीडीवर नुसती कॉपी करू नये. 'डिस्क इमेज बर्न करा' हाच पर्याय निवडावा, वेग कमी ठेवावा आणि सीडी-आर वापरावी, कारण पुष्कळ जुने ड्राइव्ह सीडी-आरडब्ल्यू वाचताना अडखळतात. सीडी वाया घालवण्यापूर्वी आयएसओ हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडून 34,816 व्या बाइटापाशी पाहावे. तिथे 'सीडी001' आणि लगेच पुढे 'एल टोरिटो स्पेसिफिकेशन' ही रोमन अक्षरे दिसली, तर बूटची नोंद जागेवर आहे.

आता दुसरी अडचण, जी आपल्याला सीडी सुरू झाल्यावर भेटेल. डॉस सुरू होईल, पण त्याच सीडीवर ठेवलेल्या बाकीच्या फायली दिसणार नाहीत. बायोसने दाखवली ती केवळ फ्लॉपी. ड्राइव्हमध्ये सीडी आहे हे डॉसला ठाऊकच नसते. त्यासाठी फ्लॉपीच्या इमेजमध्येच सीडीचा ड्रायव्हर आणि त्याच्या जोडीचा प्रोग्रॅम असावा लागतो : फ्रीडॉसमध्ये यूडीव्हीडी2 व एसएचएसयूसीडीएक्स, आणि एमएस-डॉसमध्ये ओकसीडीरॉम व एमएससीडीईएक्स. दोघांनाही '/डी:' पुढे दिलेले नाव अक्षरशः एकच असले पाहिजे, एरवी ते एकमेकांना ओळखत नाहीत.

सीडीवर काहीही लिहिता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. हिशेबाचे प्रोग्रॅम नुसती खतावणी पाहतानाही पुष्कळदा नव्या इंडेक्स फायली लिहू पाहतात, म्हणून तो प्रोग्रॅम सीडीवर न नेता सी ड्राइव्हवरूनच चालवावा. त्याआधी मात्र हार्ड डिस्क काढून आयडीई-यूएसबी अडॅप्टरने नव्या संगणकाला जोडावी आणि हिशेबाच्या साऱ्या फायलींची प्रत काढून घ्यावी. इतक्या जुन्या डिस्कवर सिस ही आज्ञा चालवून डॉस पुन्हा बसवण्याचा मोह प्रत हाती येईपर्यंत आवरलेला बरा.

प्रश्न : अशीच आयएसओ मी पेनड्राइव्हवर लिहिली, परंतु माझा नवा लॅपटॉप तिच्यावरून सुरू होत नाही.
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : त्यात आयएसओचा दोष नाही. फ्लॉपीचे सोंग हा सीडीपुरता करार आहे. पेनड्राइव्हवर बायोस पहिल्या सेक्टरमध्ये बूटचा प्रोग्रॅम शोधतो, आणि साध्या आयएसओत ती जागा रिकामी असते. त्यातच अनेक नव्या लॅपटॉपांत केवळ यूईएफआय हा बायोसचा नवा वारसदार असून जुन्या बायोसची सोय काढून टाकलेली आहे, आणि डॉस तर पदोपदी बायोसच्या सेवांवर विसंबते. आपण क्यूइमू किंवा व्हर्च्युअलबॉक्स या, संगणकातच दुसरा आभासी संगणक उभा करणाऱ्या, प्रोग्रॅममध्ये हीच आयएसओ सीडी म्हणून जोडावी; ती तिथे विनातक्रार सुरू होईल.